बाबा गेले, म्हणजे

आमच्या कॉलेजच्या क्रीडा विभागात तिला कोणी तिच्या नावाने हाक मारत नसे. ती ‘जाहिरात’. हे नाव मीच पाडलं आणि ते असं चिकटलं, की एकदा खुद्द प्राचार्यांनी विचारलं, "ती जाहिरात कुठे आहे?" आणि शिपायाने भिंतीवरच्या फलकाकडे न बघता सरळ तिच्याकडे बोट दाखवलं. तिला राग आला नाही. मला म्हणाली, "काकू, लक्षात राहतं ना? मग झालं."

मी खेळांच्या हॉलच्या तिकीट खिडकीत बसते. माझी खोली म्हणजे एक टेबल, एक पंखा आणि उरलेल्या जागेत मी. तिथे ही पोरगी पहिल्याच दिवशी दार ढकलून आत आली. "काकू, मी मार्केटिंगची इंटर्न. इथे एक खुर्ची टाकू का?" खुर्ची ती हातात घेऊनच आली होती, तेव्हा विचारणं नावापुरतंच होतं. मी कपाळाला आठ्या घातल्या. तिने खुर्ची टाकली.

इंटर्न म्हणजे काय, हे मला कोणी कधी नीट सांगितलेलं नाही. माझ्या समजुतीप्रमाणे ज्याला सगळे कामाला लावतात आणि फोटो काढताना बाजूला सरक म्हणतात, तो इंटर्न. फुटबॉलची प्रसिद्धी जुन्या मुलांनी आपसात वाटून घेतली होती. बास्केटबॉलवर तर उड्या पडल्या. राहिला मुलींचा व्हॉलीबॉल, तो हिच्या गळ्यात मारला. का, तर मुलींचा व्हॉलीबॉल बघायला कुत्रंसुद्धा येत नसे. सामन्याच्या दिवशी मी खिडकी उघडायची ती वर्तमानपत्र वाचायला उजेड हवा म्हणून.

त्या वर्षी क्रीडा संचालकांनी एकदाचं सांगून टाकलं होतं. आपल्या हॉलमधल्या शेवटच्या सामन्याला प्रेक्षकांनी हॉल भरला, तर संघ पुढच्या वर्षी राहील. नाही भरला, तर संघ बंद आणि हॉल व्यायामशाळेला. संघातल्या बहुतेक पोरींचं शिक्षण अजून बाकी होतं. त्या कॉलेजात आल्याच होत्या खेळायला. पण हॉल भरण्याचं काम त्यांचं नव्हतं, ते या विशीही न ओलांडलेल्या मुलीचं होतं. तिने ते असं मनावर घेतलं, की जणू संघ हिच्या घरचा.

घरचं म्हणाल, तर मी एकदा तिच्या घरी गेले होते. वडिलांचं झेरॉक्सचं दुकान, दुकानाच्या मागे दोन खोल्या. तीन बहिणी, ही मधली. थोरलीचं कौतुक आणि धाकटीचे लाड होऊन जे काही उरतं, ते हिच्या वाट्याचं. जेवताना तिघी एकदम बोलत होत्या आणि आई कोणाचंच ऐकत नव्हती. हिने ताटावर चमचा वाजवला आणि म्हणाली, "आता माझी बातमी." तेव्हा मला कळलं, की ही पोरगी जाहिरात करायला कॉलेजात शिकलेली नाही. दोन बहिणींच्या मध्ये वाढली, त्यातच शिकली.

मार्केटिंगचे जे साहेब होते, त्यांच्या तोंडी सारखं एकच. "आपल्याला डोळे हवेत. मॅक्सिमम डोळे." प्रेक्षक म्हणायचं नाही, माणसं म्हणायचं नाही, डोळे. म्हणून ते आमचे डोळेसाहेब. त्यांनी तिला पहिल्या आठवड्यात शिकवलं, की प्रेक्षक थोडे असतील तर सगळ्यांना कॅमेऱ्यासमोरच्या बाजूला बसवायचं, म्हणजे फोटोत गर्दी दिसते. ही त्यांच्या पुढची निघाली. तिने आपल्या दोन्ही बहिणींना आणलं, एकीला टोपी घातली, आणि दर थोड्या वेळाने त्यांना उठवून नव्या जागी बसवलं. फोटोत पाच-सहा मुली दिसल्या. साहेब खूश झाले. धाकटी बहीण मात्र माझ्या खिडकीशी येऊन कुरकुरली, "मॅच बघूच देत नाही हो ताई."

पण फोटोतल्या गर्दीने हॉल भरत नाही. मग तिच्या पायाला भिंगरी लागली. वसतिगृहं झाली, शाळा झाल्या, मागच्या रस्त्यावरचा कपड्यांचा कारखाना झाला, दवाखान्यातल्या नर्सच्या विश्रांतीच्या खोलीतही ती जाऊन आली. हातात बांगड्यांसारखी चिकटपट्टीची रिळं आणि तोंडात एकच वाक्य, "येणार ना?" सगळे तोंड भरून हो म्हणायचे. ती येऊन मला सांगायची, "काकू, या वेळी बघा." मी बघायचे. कोणी येत नसे. ती हॉलच्या दारात उभी राहून रस्त्याकडे बघत राही, आणि मला तिचा राग येई, कारण मग मला वर्तमानपत्रात लक्ष घालता येत नसे.

संघाची कॅप्टन होती ‘भिंत’. उंच, रुंद खांद्यांची, जाळ्यापाशी हात वर करून उभी राहिली की समोरच्यांचा चेंडू तिथूनच माघारी फिरे. बोलायलाही तशीच, चार प्रश्न विचारावेत तेव्हा एक उत्तर येई. एका दुपारी सरावानंतर ती माझ्या खिडकीखालच्या पायऱ्यांवर बुटांच्या नाड्या सोडत बसली होती. जाहिरात तिच्या शेजारी जाऊन बसली. खेळाडूंची ओळख करून देणारं काहीतरी ती लिहीत होती.

"घरी कोण कोण असतं?" तिने विचारलं.

"मी आणि आई."

"आई काय करते?"

"कपडे आल्टर करून देते. घरीच."

"आणि बाबा?"

"बाबा गेले. मी सातवीत होते तेव्हा."

जाहिरातीने मान खाली घातली. खिडकीत मीही ‘च्च’ केलं. आपण काय करतो अशा वेळी? पुढे विचारत नाही. कशाने गेले, कधी गेले, हे विचारणं बरं दिसत नाही. भिंतीने दुसऱ्या बुटाची नाडी सोडली आणि म्हणाली, "मला व्हॉलीबॉल त्यांनीच शिकवला. अंगणात दोरी बांधून." एवढं बोलली म्हणजे तिच्या मानाने भाषणच झालं. मग ती उठून गेली.

दुसऱ्या दिवशी संघ बाहेरगावच्या सामन्यांना निघाला. त्यांच्या प्रशिक्षक बाई दौऱ्यावर पोरींचे फोन काढून घेत, खेळात लक्ष राहावं म्हणून. बाई कडक, त्यांच्यापुढे कोणाचं काही चालत नसे.

इकडे डोळेसाहेबांच्या खोलीत शेवटच्या सामन्याची बैठक बसली. चहा द्यायला शिपाई नव्हता म्हणून मी गेले होते. जाहिरात सांगत होती, की आपण लोकांना खेळ किती चांगला आहे ते सांगतोय, आणि लोकांना त्याच्याशी काही देणंघेणं नाही. साहेब म्हणाले, "भावना लागते. भावना असली की डोळे येतात. कॅप्टनचं काही आहे का?" तिने पायऱ्यांवरचं बोलणं सांगितलं. अंगणातली दोरी सांगितली. साहेब ताडकन उठले आणि काचेच्या फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहून मोकळे झाले, ‘ती खेळते बाबांसाठी’.

"तिला विचारायला हवं," जाहिरात म्हणाली.

"फोन आहे तिच्याकडे?"

"नाही."

"मग सरप्राइज दे. कोणाला आवडणार नाही?"

ती हो म्हणाली. मी तिची बाजू घेणार नाही. पण तिच्या डोळ्यांसमोर तो रिकामा हॉल होता, आणि त्या संघातल्या पोरी होत्या, एवढं मात्र मी जाणून आहे.

पोस्टर झकास झालं, हे मान्य करायला हवं. भिंतीचा उडी मारतानाचा फोटो, मागे पुसटशी एक दोरी, वर ते वाक्य, आणि खाली बारीक अक्षरांत, ‘दिवंगत पित्याच्या स्मृतीसाठी सामन्याआधी दोन मिनिटं उभे राहू या.’ वडिलांच्या दुकानात छापलं म्हणून घरच्यांनीही हातभार लावला. बसथांब्यावर, दवाखान्याच्या दारात, वाण्यांच्या दुकानांवर, जागा मिळेल तिथे ते लागलं. आणि काय सांगू, माझी खिडकी वाजायला लागली. नर्सबाई आल्या, कारखान्यातले आले, ज्यांनी हो म्हणून टांग मारली होती तेही आले. बायका तिकीट घेताना डोळे पुसायच्या. एक गाद्यांची कंपनी हॉलमध्ये आपला फलक लावू द्या म्हणून मागे लागली. जाहिरात जमिनीवरून चालेनाशी झाली.

सामन्याच्या दिवशी दुपारी संघाची बस आली. कॉलेजच्या फाटकापासून हॉलच्या दारापर्यंत दोन्ही बाजूंनी तेच पोस्टर. पोरी खिडक्यांतून डोकावून ओरडत होत्या, टाळ्या वाजवत होत्या. भिंत सगळ्यांत शेवटी उतरली. ती फाटकाजवळच्या पोस्टरपाशी थांबली. मग दुसऱ्यापाशी थांबली, म्हणजे तिथे काही वेगळं लिहिलंय का बघावं तशी. मग सरळ माझ्या खोलीत आली. जाहिरात खुर्चीतून उठली, तोंड भरून हसत.

"हे कोणी लिहिलं?"

"मी. तुला आवडलं?"

"बाबा मेले म्हणून कोणी सांगितलं तुला?"

जाहिरातीचं हसू तोंडावर तसंच राहिलं. "तूच म्हणालीस ना," ती म्हणाली. "बाबा गेले."

"गेले म्हणजे गेले!" भिंतीचा आवाज पहिल्यांदाच चढलेला मी ऐकला. "बॅग घेऊन गेले. आम्हाला सोडून. मेले नाहीत."

मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, "बस बाळा, पाणी घे." तिने पाणी घेतलं नाही.

"आई येणार आहे आज," ती म्हणाली. "तिने हे बघितलं असेल?"

पोस्टर सगळीकडे होतं, जिथे आई बाजारहाट करत असेल तिथेही असणार. जाहिरात म्हणाली, "मी आत्ता जाऊन सगळ्यांना सांगते, की ते जिवंत आहेत, ते..."

"ते काय? आम्हाला टाकून गेले असं सांगणार? माइकवर?" भिंत म्हणाली. "आई शेजाऱ्यांना अजून सांगते, की कामासाठी बाहेर असतात. तिला लोकांत उभी करू नकोस." आणि मग दार धरून म्हणाली, "पण त्यांच्यासाठी मी मान खाली घालून उभी राहणार नाही. ते तू बघ."

आम्ही दोघी डोळेसाहेबांकडे गेलो. माझं तिथे काही काम नव्हतं, पण तिला एकटी सोडवेना. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि घड्याळाकडे बघितलं. हॉल भरत आला होता, त्याची गडबड खोलीत ऐकू येत होती. ते म्हणाले, "कोणाला कळतंय? दोन मिनिटांचा तर प्रश्न आहे. त्या दोन मिनिटांत तिचाच संघ वाचतोय." ते वाईट मनाने बोलत नव्हते. मलाही क्षणभर पटलं. दोन मिनिटं उभं राहायचं, मग खेळ सुरू, आणि पुढच्या वर्षी पोरी खेळतील. कोणाचं काय बिघडलं?

जाहिरात म्हणाली, "सर, मी सांगणार."

"मग हॉल रिकामा झाला तर ती जबाबदारी तुझी."

"हो."

हॉल इतका भरलेला मी माझ्या आयुष्यात बघितला नव्हता. जिन्यावर माणसं बसली होती. क्रीडा संचालक पहिल्या रांगेत, हाताची घडी घालून. ती मधोमध जाऊन उभी राहिली आणि माइक हातात घेतल्यावर सगळे आपणहून उठून उभे राहिले. त्यांना वाटलं, ते दोन मिनिटांचं आता आहे.

"बसा," ती म्हणाली. "प्लीज, बसा. पोस्टरवर कॅप्टनच्या वडिलांबद्दल जे छापलंय ते खरं नाही. तिने मला तसं सांगितलं नव्हतं. मी ऐकलं एक आणि लिहिलं भलतंच, आणि तिला न विचारता लिहिलं. आज आपण कोणासाठी उभं राहायचं नाहीये. व्हॉलीबॉलचा सामना आहे. बघायचा असेल तर बसा."

क्षणभर कोणाला काही कळलं नाही. मग कुजबुज, मग आरडाओरडा. "आम्हाला काय येडे समजता का?" असं कोणीतरी ओरडलं. एक बाई फुलं घेऊन आल्या होत्या, त्या माझ्या खिडकीशी आल्या आणि म्हणाल्या, "आता यांचं काय करू?" मी काय सांगणार, ठेवून घेतली. माणसं उठून जाऊ लागली. गाद्यांच्या कंपनीचा माणूस आपला फलक गुंडाळून निघाला. काही जण राहिले, नर्सबाई राहिल्या, पण हॉलला मोठमोठी भोकं पडली. डोळेसाहेबांनी कोणाला कॅमेऱ्याच्या बाजूला बसायला सांगितलं नाही, तेवढा मोठेपणा त्यांनी दाखवला.

सामना पोरी हरल्या. थोडक्यात नाही, चांगल्याच हरल्या. भिंतीच्या हातांवरून चेंडू मागे पडत राहिला. संचालक शेवटचा सेट चालू असतानाच उठले. दारात त्यांनी जाहिरातीला थांबवून सांगितलं, की तुझा प्रामाणिकपणा कौतुकास्पद आहे, आणि संघ पुढच्या वर्षी नसेल. दोन्ही एकाच वाक्यात. ती "हो सर" म्हणाली.

आता ती दुसऱ्या गावी एका मोठ्या कंपनीत आहे, जाहिरातींच्याच कामाला. कधी फोन करते. तिकडे तिला म्हणे ‘विचारलंस का’ असं चिडवतात, कारण कोणाचा फोटो, कोणाचं बोलणं वापरायचं म्हटलं की ही आधी तेच विचारते. लोक वैतागतात. मी तिला म्हणते, वैतागू देत. इंटर्नशिपमध्ये काय शिकलीस असं कोणी विचारलं तर ती संघ कसा बुडाला ते सांगते. त्या संध्याकाळी पुढे जे झालं ते सांगत नाही. ते मी बघितलं म्हणून मी सांगते.

हॉल रिकामा झाला होता. सफाईवाले खुर्च्या ढकलून झाडू मारत होते. पोरी आत कपडे बदलत होत्या. जाहिरात जमिनीवर पडलेले कागद गोळा करत होती आणि मी किल्ल्या घेऊन दारात उभी होते. सगळ्यांत वरच्या रांगेतून एक बाई कठड्याला धरून सावकाश खाली आल्या. ठेवणीतले कपडे, केस नीट विंचरलेले, डोळे सुजलेले.

"तूच ना ती, माइकवर बोललीस?"

"हो."

"मी कॅप्टनची आई."

जाहिरातीच्या हातातले कागद पडले. तिने हात जोडले. बाईंनी तिचे जोडलेले हात आपल्या हाताने खाली केले.

"बाजारात गेले होते," त्या म्हणाल्या. "कोपऱ्यावर माझ्या लेकीचा फोटो. किती आनंद झाला! मग खालचं वाचलं. दिवंगत. तो शब्द मला नीट लागेना, म्हणून वाण्याला विचारला. त्याने सांगितलं." त्या कठड्याला टेकल्या. "मला वाटलं, पोरीला कुठूनतरी कळलं असणार. आईला कसं सांगू म्हणून गप्प राहिली असेल. फोनही लागेना तिचा. मी घरी आले, दाराला कडी घातली आणि रडून घेतलं. इतकी वर्षं रडता आलं नव्हतं गं. मेलेल्या माणसासाठी रडलं तर लोक जवळ येतात. सोडून गेलेल्यासाठी रडलं तर हसतात. म्हणून आज आले होते. सगळ्यांबरोबर मलाही उभं राहता येईल म्हणून."

जाहिरात रडत होती, आवाज न करता, नाकातून पाणी गळेपर्यंत. "काकू, माझी चूक झाली," ती कशीबशी म्हणाली.

"चूक-बीक राहू दे," बाई म्हणाल्या आणि तिचा दंड घट्ट धरला. "मला एवढंच सांग. ते खरं नाही म्हणालीस ना तू? म्हणजे ते आहेत ना?"

मी जाहिरातीकडे बघून मान हलवली. हो म्हण, अगं. एक हो म्हणायला काय जातंय? त्या बाईच्या तोंडाकडे बघून कोणीही हो म्हटलं असतं, मी तर शंभरदा म्हटलं असतं. तिने माझ्याकडे बघितलं. मग बाह्यांनी डोळे पुसले.

"मला माहीत नाही, काकू," ती म्हणाली. "पोस्टर लिहिलं तेव्हाही माहीत नव्हतं, माइकवर बोलले तेव्हाही."

बाईंनी तिचा दंड सोडला. त्या बाजूच्या खुर्चीत बसल्या.

"हां," त्या म्हणाल्या. "म्हणजे परत वाट बघणं आलं."

जाहिरात त्यांच्या शेजारी बसली. भिंत खांद्याला बॅग अडकवून बाहेर आली आणि "आई, तू कधी आलीस?" म्हणाली, तेव्हा बाईंनी सरकून तिला शेजारची खुर्ची दाखवली.